फाइल कोणाकडे आहे?

बीड शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबत खानाने ती बांधवून घेतली, तिच्या रचनेचे श्रेय राजा भास्कर या जाणकाराला दिले जाते, आणि तिचे पाणी मोट नाही, पंप नाही, वीजबिल नाही अशा रीतीने, भुयारी मार्गातून निव्वळ उताराच्या बळावर बलगुजार भागातील शेतांपर्यंत जात आले आहे. साठा एका ठिकाणी ठेवावा, तो वाहिन्यांनी गरजूंपर्यंत पोहोचवावा आणि घेणाऱ्याला मूळ साठ्यापर्यंत पायपीट पडू नये, ही कल्पना या जिल्ह्याला संगणकाच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे. असे असूनही त्याच जिल्ह्यातील कार्यालयांत शेजारच्या खोलीतील संगणकावरची फाइल मिळवायची तर आजही शिपायाला हाक मारावी लागते, ही वस्तुस्थिती अभ्यासकाला बुचकळ्यात टाकते.

शिपायाच्या हाती पेन ड्राइव्ह असतो. तो हरवू नये म्हणून त्याला दोरी आणि दोरीला कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा बांधलेला असल्याने तो संगणकात खुपसताना किल्ल्यांच्या भाराने खाली वाकतो, त्यामुळे संगणकाला तो अर्धवट दिसतो किंवा दिसतच नाही, आणि दिसलाच तर आतल्या सर्व फोल्डरांचे 'शॉर्टकट' झालेले असतात. शॉर्टकट करणारा हा विषाणू पेन ड्राइव्हमधील खऱ्या फाइली लपवून त्यांच्या जागी स्वतःकडे नेणारी बनावट चिन्हे मांडतो. जिल्ह्यातील झेरॉक्सची दुकाने, महा-ई-सेवा केंद्रे, पतसंस्था आणि महाविद्यालये यांच्यात कोणत्याही शासकीय परिपत्रकापेक्षा अधिक वेगाने आणि पोचपावतीविना ज्याचे वितरण झाले, अशी ही बहुधा एकमेव वस्तू असावी. पेन ड्राइव्हला कंटाळलेले कर्मचारी अलीकडे व्हॉट्सॲपचा आश्रय घेतात. या पद्धतीत तीन हातांवर बसलेल्या सहकाऱ्याला पाठवलेला तक्ता आधी परदेशातील यंत्रांना भेटून येतो आणि मग 'शुभ सकाळ'च्या गुलाबांखाली गाडला जातो.

यावरचा शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे संगणकांच्या जाळ्यावरून फाइली सामायिक करणे. यात एका संगणकाला सर्व्हर, म्हणजे साठा सांभाळून मागेल त्याला देणारा, असे पद मिळते आणि बाकीचे संगणक क्लायंट, म्हणजे मागणारे, ठरतात. सर्व्हरवरचा ठरावीक फोल्डर इतरांसाठी खुला करणे याला युनिक्स आणि लिनक्सच्या घराण्यात 'एक्स्पोर्ट' म्हणतात, विंडोजच्या घराण्यात 'शेअर' म्हणतात. तो खुला झालेला फोल्डर मागणाऱ्या संगणकाने आपल्याच तबकडीवर असल्यासारखा जोडून घेणे म्हणजे 'माउंट' करणे. ग्रंथांत सर्व्हरचे वर्णन दणकट, वातानुकूलित आणि अखंड चालणारे यंत्र असे येते. तालुक्याच्या ठिकाणी मात्र सर्व लिपिकांनी 'हा लई हळू चालतो' म्हणून नाकारलेल्या संगणकाची सर्व्हरपदी नियुक्ती होते, आणि आपल्या टेबलवर जो नकोसा होता तोच आता सर्वांचा भार वाहणार आहे, या विसंगतीकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण पदोन्नतीची ही रीत कार्यालयाला नवी नसते.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या १९८२ साली स्थापन झालेल्या कंपनीने १९८४ च्या सुमारास 'नेटवर्क फाइल सिस्टिम', अर्थात एनएफएस, ही पद्धत विकसित केली. तिचा हेतू असा, की ज्या संगणकाला स्वतःची तबकडीही नाही त्यानेसुद्धा दूरच्या सर्व्हरवरील फाइली आपल्याच समजून वापराव्यात. जाळे हाच संगणक, अशा अर्थाचे घोषवाक्य त्याच कंपनीचे. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम या अभियंत्याने त्याच दशकाच्या प्रारंभी वेगळी पद्धत रचली. तिला त्याने आधी स्वतःच्या आद्याक्षरांवरून 'बीएएफ' असे नाव योजले होते, पण प्रसिद्धीपूर्वी मन आवरून ते 'एसएमबी' केले. जिल्ह्यातील प्रत्येक बसथांब्यावर, सभामंडपावर आणि हायमास्ट दिव्याच्या खांबावर तो कोणाच्या निधीतून उभा राहिला हे ज्या ठसठशीतपणे लिहिलेले असते ते पाहता, या संयमाचे मोल बीडच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. पुढे मायक्रोसॉफ्टने एसएमबी आपलीशी केली, आणि ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने १९९१-९२ मध्ये युनिक्स यंत्रांनाही तीच बोली बोलता यावी यासाठी मुक्त आज्ञावली लिहिली. मूळ नाव वापरण्यात अडचण आली तेव्हा त्याने शब्दकोशाच्या फाइलीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द संगणकाकडूनच शोधवले आणि त्यातून 'साम्बा' हे नाव उचलले. लिनक्सचा सर्व्हर आणि विंडोजचे लिपिक यांच्यातला संवाद आजही बहुतांशी या साम्बाच्याच दुभाषेपणावर चालतो.

या सर्व मंडळींनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली होती, आणि तिथेच घोडे पेंड खाते. लोकांना आपल्या फाइली इतरांना द्यायच्या आहेत, साधन तेवढे नाही, असे त्यांना वाटत होते. मराठवाड्यातील कोणत्याही कार्यालयात दहा मिनिटे उभे राहिलेल्या माणसाला हे गृहीतक भाबडे वाटल्याशिवाय राहणार नाही. तेथे फाइलीचे महत्त्व तिच्यातील मजकुरावरून ठरत नाही, ती कोणाकडे आहे यावरून ठरते. 'फाइल कोणाकडं हाय?' हा अभ्यागताचा पहिला प्रश्न असतो, आणि ज्याच्याकडे ती असते त्याला चहा मिळतो, नमस्कार मिळतो, रजेच्या दिवशी फोन येतो. फाइल एकाच वेळी सर्वांकडे असेल तर ती कोणाकडेच नसते, आणि मग चहा नेमका कोणाला पाजायचा हा व्यावहारिक पेच उभा राहतो. जाळ्यावरून फाइली सामायिक करण्याचे तंत्र जिल्ह्यात ज्या चित्रविचित्र रूपांत आढळते, त्यांची संगती या एका पेचातून बरीचशी लागते.

प्रथम वायर. संगणकांना जोडणाऱ्या वायरीत आठ तारा चार जोड्यांत पीळ देऊन बसवलेल्या असतात, आणि टोकाच्या पारदर्शक खुंटीत त्या नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी अशा क्रमाने बसवून चिमट्याने दाबाव्या लागतात. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी का घुसवली हा प्रश्न प्रत्येक शिकाऊ तंत्रज्ञाला पडतो, आणि आपल्या सौंदर्यदृष्टीनुसार त्याने दोन्ही हिरव्या तारा शेजारी ठेवल्या की वायरीची एकूण चाल बिघडते. अशा एका वायरीची लांबी १०० मीटरपर्यंतच असावी असे मानक सांगते. महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीतून ग्रंथालयात जाणारी वायर मात्र आधी कडुनिंबाला वळसा घालते, मग सायकल स्टँडच्या पत्र्यावरून जाते आणि शेवटी खिडकीची काच फोडून आत येते. तिचा काही भाग उंदरांच्या, तर काही भाग मे महिन्यातील वळवाच्या विजांच्या ताब्यात असतो. वीज जवळपास कोसळली की वायरीतून येणाऱ्या झटक्याने स्विचची, म्हणजे सर्व वायरी एकत्र येतात त्या पेटीची, काही भोके कायमची मुकी होतात. कोणती भोके जिवंत आहेत याचे ज्ञान एकाच माणसाला असते, आणि तो सहसा कंत्राटी असतो.

वायरीनंतर पत्ता. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.५ अशा धाटणीचा अंकी पत्ता लागतो, आणि कोणी मुद्दाम ठरवून दिला नाही तर राउटर नावाची पेटी तो मागणी येईल तसा वाटते. हे वाटप मुदतीचे असते. वीज गेली, परत आली आणि यंत्रे निराळ्या क्रमाने जागी झाली, तर अनेक साध्या राउटरांच्या हाताखाली कालचा पाच नंबर आज नऊ होतो आणि पाच नंबरवर प्राचार्यांच्या पुतण्याचा मोबाइल बसलेला आढळतो. सर्व्हरला कायमचा पत्ता नेमून देणे हा यावरचा उपाय प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असतो आणि त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. प्रत्यक्षात सर्व्हरचा नवा पत्ता संगणकामागच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिण्याची पद्धत रूढ आहे. जुने पत्ते खोडून खाली नवे लिहीत गेल्यामुळे कालांतराने ती भिंत म्हणजे त्या कार्यालयाच्या भारनियमनाचा सर्वांत विश्वसनीय अभिलेख बनते, आणि रंगरंगोटीच्या वेळी तो नष्ट झाला की संपूर्ण कामकाज ठप्प होते. खिडकीपलीकडच्या अभ्यागताला एवढेच सांगितले जाते, की 'सर्वर डाऊन हाय.' या तीन शब्दांपुढे महाराष्ट्रात कोणतेही अपील चालत नाही.

तार आणि पत्ता या दोन्हींवर मात करता येते. खरा विषय अधिकारांचा आहे, आणि त्याच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे सर्वतोमुखी 'नॅक'च्या, तयारीला लागलेल्या महाविद्यालयाइतके उत्तम क्षेत्र दुसरे नाही. ही परिषद १९९४ साली स्थापन झाली आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन तिने सात निकषांवर आधारले. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, पायाभूत सुविधा, विद्यार्थी साहाय्य, प्रशासन, आणि शेवटी मूल्ये व उत्तम प्रथा, असे ते निकष होत. प्रत्येक निकषाला एक प्रमुख प्राध्यापक नेमला जातो, सातही जणांना परस्परांची आकडेवारी लागते, आणि म्हणून सर्व्हरवर 'नॅक' नावाचा सामायिक फोल्डर काढून त्यात सात उपफोल्डर करावेत असा ठराव बैठकीत टाळ्यांच्या गजरात संमत होतो.

तंत्रज्ञाची योजना शास्त्राला धरून असते. वाचण्याचा अधिकार आणि लिहिण्याचा अधिकार हे दोन निराळे अधिकार आहेत. तेव्हा प्रत्येक प्रमुखाला स्वतःच्या फोल्डरात लिहिता यावे, इतरांचे फोल्डर फक्त वाचता यावेत, आणि प्राचार्यांना सर्वत्र संचार असावा. प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि परवलीचा शब्द दिला जातो. पहिली हरकत संशोधन निकषाकडून येते. आपल्या विभागाने किती शोधनिबंध दाखवले हे इतरांना आधीच कळले तर तेही तितकेच दाखवतील, सबब आपला फोल्डर कोणालाही वाचता येऊ नये. हे समजताच उरलेल्या सहा जणांना आपल्याकडेही लपवण्यासारखे काहीतरी असले पाहिजे याची जाणीव होते. सातही फोल्डर बंद होतात. मग प्रशासन निकषाला विद्यार्थीसंख्या लागते आणि ती विद्यार्थी साहाय्य निकषाच्या बंद फोल्डरात असते, म्हणून ती छापील स्वरूपात, जावक क्रमांक टाकून, शिपायाहाती मागवली जाते, आणि आलेले आकडे पुन्हा टंकले जातात. उत्तम प्रथांच्या फोल्डरातील प्रत्येक फाइलीला वेगळा परवलीचा शब्द असतो, जो फक्त निकषप्रमुखांना ठाऊक असतो, आणि निकषप्रमुख मुलीच्या प्रवेशासाठी लातूरला गेलेले असतात.

यानंतरचा टप्पा अटळ आहे. उपप्राचार्य आपल्याला काहीच दिसत नाही म्हणून रागावतात, प्राचार्यांना आपला परवलीचा शब्द आठवत नाही, आणि संध्याकाळी माहिती ऑनलाइन भरण्याची मुदत संपत असते. कंटाळलेला तंत्रज्ञ अधिकारांच्या खिडकीत शिरून 'एव्हरीवन' या नावापुढे 'पूर्ण नियंत्रण' अशी खूण करतो. 'एव्हरीवन' म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण आणि 'पूर्ण नियंत्रण' म्हणजे वाचणे, लिहिणे, नाव बदलणे, पुसून टाकणे आणि वर इतरांचे अधिकारही बदलणे. एवढ्यावर सुद्धा फोल्डर उघडला नाही, तर परवलीच्या शब्दाची अटच काढून टाकली जाते. क्षणार्धात सगळीकडे सगळे दिसू लागते, तंत्रज्ञाचे कौतुक होते, भज्यांची ऑर्डर जाते, आणि आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय या म्हणीचे जाळ्याच्या भाषेतील रूपांतर पूर्ण होते. सात कुलपे किंवा उघडा वाडा, या दोहोंमधली अवस्था भूगोलाच्या या भागात फार काळ टिकल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे. सात कुलपांच्या काळात फाइल कोणाकडे आहे हे ठाऊक असते, उघड्या वाड्यात ते शोधावे लागते, आणि शोधून देणारा माणूस महत्त्वाचा ठरतो, त्यामुळे दोन्ही व्यवस्थांत कोणाचा ना कोणाचा चहा सुरक्षित राहतो.

संगणकशास्त्र विभागातील लिनक्सच्या प्रयोगशाळेत एनएफएस असते, आणि तिथला प्रकार अधिक तात्त्विक आहे. एनएफएस आपल्या साध्या रूपात वापरकर्त्याला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते, आणि तो क्रमांक मागणारा संगणक सांगेल तो खरा मानते. एका यंत्रावर प्राध्यापिकाबाईंचा क्रमांक १००१ असेल आणि दुसऱ्या यंत्रावर तोच क्रमांक द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला मिळाला असेल, तर बाईंनी सर्व्हरवर ठेवलेली प्रश्नपत्रिका त्या विद्यार्थ्याच्या मालकीची दिसते. तो निष्पापपणे तिच्या शुद्धलेखनाच्या चुकाही दुरुस्त करू शकतो. सर्व यंत्रांवर क्रमांक सारखे ठेवावेत किंवा ओळख तपासणारी मध्यवर्ती व्यवस्था उभारावी, असे ग्रंथकार बजावतात, पण ज्या समाजात 'आपला माणूस आहे' एवढे वाक्य हे पुरेसे ओळखपत्र ठरते, तिथे यंत्रानेही सांगोवांगीवर विश्वास ठेवला तर त्याला एकट्याला दोष देता येत नाही.

असे असले तरी एनएफएसच्या कर्त्यांनी एका बाबतीत विलक्षण राजकीय शहाणपण दाखवले आहे. लिनक्सच्या प्रत्येक यंत्रावर 'रूट' नावाचा सर्वाधिकारी असतो, ज्याला स्वतःच्या यंत्रावर काहीही वर्ज्य नाही. हा रूट मागणारा म्हणून सर्व्हरच्या दारात आला, की सर्व्हर त्याचे सर्व अधिकार काढून घेतो आणि त्याला 'नोबडी', म्हणजे कोणीही नाही, या वापरकर्त्याच्या रांगेत बसवतो. या नोबडीला बहुधा ६५५३४ हा क्रमांक असतो. व्यवस्थेचे नाव 'रूट स्क्वॉश', आणि ती कोणी मुद्दाम बंद केली नाही तर आपोआप लागू असते. आपल्या गटात ज्याच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, अशा पुढाऱ्याला मुंबईत मंत्रालयाच्या प्रवेशिका खिडकीपुढे उभे राहिल्यावर हे तत्त्व कोणत्याही पुस्तकाविना समजते. अर्थात तिथेही 'नो रूट स्क्वॉश' नावाची सवलत उपलब्ध असते, ती सर्व्हरच्या मालकाच्या मर्जीने एका ओळीत मिळते, आणि ती देऊ नये असे सगळेच नियम सांगतात.

सर्व्हर उत्तर देईनासा झाला तर मागणाऱ्याने काय करावे, याबाबत एनएफएसमध्ये दोन पंथ आहेत. 'सॉफ्ट माउंट' करणारा संगणक काही वेळा हाका मारतो आणि उत्तर न आल्यास चूक झाली असे सांगून मोकळा होतो. 'हार्ड माउंट' करणारा हटत नाही. सर्व्हर प्रतिसाद देत नाही, प्रयत्न चालू आहेत, अशा अर्थाचा एक संदेश नोंदवून तो वाट पाहत राहतो, आणि सर्व्हर तासाने, दिवसाने किंवा महिन्याने जागा झाला की जणू काहीच घडले नाही अशा थाटात राहिलेले काम पुढे चालू करतो. लिनक्सवर हाच पंथ मूळचा मानला जातो, कारण लिहिण्याचे काम अर्धवट सोडण्यापेक्षा थांबणे बरे असे त्याचे तत्त्वज्ञान आहे. बीडकरांना हा पंथ शिकवावा लागत नाही. अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ हा सुमारे २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला, त्याची मागणी त्याहून कितीतरी जुनी, आणि अहिल्यानगरहून बीड शहरापर्यंत प्रवासी गाडी धावू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मधल्या तीस वर्षांत प्रत्येक अर्थसंकल्पाच्या सुमारास प्रयत्न चालू असल्याचा संदेश नियमित येत होता. इतका दीर्घ हार्ड माउंट कोणत्याही प्रयोगशाळेत नोंदला गेलेला नसावा, आणि परळीकडच्या टप्प्यावर तो गाडी सुरू झाली त्या दिवशीही संपलेला नव्हता.

एकच फाइल दोघांनी एकाच वेळी उघडली तर काय, हा पुढचा प्रश्न. शास्त्राचे उत्तर 'कुलूप' असे आहे. पहिल्याने फाइल उघडली की तिला अदृश्य कुलूप लागते आणि दुसऱ्याला ती फक्त वाचता येते. शिवाय ती कोणी अडवून ठेवली आहे त्याचे नाव पडद्यावर दिसते, जेणेकरून त्याला उठून सांगता यावे. ही सोय फार सुंदर आहे. तथापि जे नाव दिसते ते संगणकात कार्यालयीन आज्ञावली बसवताना कोणीतरी भरलेले नाव असते, आणि ते भरणारा माणूस सहसा दुकानाचा असल्याने त्याने घाईत 'डेल', 'एचपी' किंवा नुसतेच 'ए' असे भरलेले असते. त्यामुळे वेतनपत्रकाची फाइल 'डेल' यांनी उघडली आहे असे वाचून नवा लिपिक डेल साहेब कोणत्या विभागात बसतात याची चौकशी करतो, आणि कार्यालयातील सातपैकी पाच संगणक त्याच कंपनीचे असल्याने चौकशी पूर्ण होत नाही. दरम्यान डेल साहेब फाइल उघडी ठेवून जेवायला गेलेले असतात. वाट पाहण्यास वेळ नसलेला प्रत्येक जण मग त्या फाइलीची स्वतःची प्रत काढतो, तिच्या नावापुढे आपले आद्याक्षर किंवा 'नवीन', 'दुरुस्त', 'साहेबांनी पाहिलेले' अशी विशेषणे जोडतो, आणि महिनाअखेरीस एका वेतनपत्रकाच्या जागी अशी पंधरा वेतनपत्रके सापडतात, ज्यांतील बेरजा एकमेकींशी बोलत नाहीत. एक ना धड, भाराभर चिंध्या. मजकूर मराठीत असला तर प्रकरण आणखी रंगते, कारण युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी आणि आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या आज्ञावल्यांतील फाइली ज्या संगणकावर त्यांचे टंक नाहीत तिथे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कडबोळ्यात उघडतात, आणि ते कडबोळे वाचून अर्थ सांगू शकणारा एखादा ज्येष्ठ लिपिक प्रत्येक कार्यालयात असतोच. त्याची निवृत्ती जवळ आली की सर्वांना घाम फुटतो.

ज्या जाळ्यावर सारे काही खुले आहे त्याची पुढची कहाणी बाहेरचे जग लिहिते. एसएमबीच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीत असलेल्या एका भगदाडातून १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. एका संगणकात शिरला की तो जाळ्यावरच्या इतरांना आपोआप गाठत असे, फाइली सांकेतिक भाषेत बंद करत असे आणि उघडण्याचे ३०० डॉलर बिटकॉइन या आभासी नाण्यांत मागत असे. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दोन महिने आधीच दिलेली होती, पण अद्ययावत करणे बंद ठेवलेल्या यंत्रांना ती पोहोचली नव्हती. त्याच वर्षअखेरीपासून नव्या विंडोजमध्ये एसएमबीची ती आवृत्ती आपोआप बसेनाशी झाली. परिणामी तालुक्यातालुक्यातील विंडोज एक्सपीचे सर्व्हर, ज्यांना त्या आवृत्तीखेरीज दुसरी बोली येतच नव्हती, नव्या संगणकांना एकाएकी दिसेनासे झाले. आलेल्या तंत्रज्ञाने नियंत्रणपटलात खोलवर जाऊन ती आवृत्ती पुन्हा चालू केली, शंभर रुपये घेतले, आणि भगदाड पूर्ववत झाल्यावर सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज अकराच्या नव्या आवृत्तीने तर ओळख न सांगता येणाऱ्या पाहुण्यांना दारच बंद केले आणि प्रत्येक संदेशावर खात्रीची खूण असावी असा आग्रह धरला. तेव्हा शेअर केलेले फोल्डर उघडेनात आणि कित्येक प्रिंटरही बंद पडले. फोल्डर बंद झाल्याची तक्रार आठवड्याने आली, प्रिंटरची पाच मिनिटांत, यावरून या जाळ्याचा खरा उपयोग कशासाठी होत होता याविषयी काही अनुमान काढता येते. उपाय पुन्हा तोच झाला, म्हणजे पाहुण्यांना मागच्या दाराने आत घेण्यात आले.

या पाहुणेपणाचे फळ फाइल पुसली गेल्यावर हाती येते. स्वतःच्या संगणकावरची फाइल पुसली तर ती कचरापेटीत जाऊन पडते आणि पश्चात्ताप झाल्यास परत आणता येते, परंतु विंडोजमध्ये जाळ्यावरून पुसलेल्या फाइलीला ही कचरापेटी नसते. सर्व्हरवर आधीच वेगळी तजवीज केलेली नसेल तर ती थेट जाते. जागा कमी पडते म्हणून कोणीतरी सद्हेतूने 'नॅक' फोल्डरातील 'जुने' नावाचा उपफोल्डर पुसतो आणि पाच वर्षांची आकडेवारी त्यातच होती असे मागाहून निष्पन्न होते, अशा प्रसंगी त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली जाते. समिती नोंदवही तपासू लागते तेव्हा लेखापरीक्षणाची नोंद कोणी चालूच केलेली नव्हती असे बहुधा आढळते, आणि ती चालू असलीच तर तिच्यात पुसणाऱ्याचे नाव 'गेस्ट' एवढेच असते. सर्वच कर्मचारी पाहुणे म्हणून आत येत असल्यामुळे हा पाव्हणा कोण, यावर समितीत बराच ऊहापोह होतो. बाहेरची व्यक्ती, असा एका सदस्याचा निष्कर्ष, विद्युत पुरवठा, असा दुसऱ्याचा, आणि तिसरा सदस्य स्वतः त्या दिवशी रजेवर होता हे आधी नोंदवून घेतो. अहवाल सर्वांना पाहता यावा म्हणून तो त्याच सामायिक फोल्डरात ठेवला जातो, डेल साहेबांनी तो उघडून ठेवल्यामुळे तिघेही आपापली प्रत काढून आपापला निष्कर्ष तिच्यात घालतात, आणि प्राचार्यांच्या सहीसाठी तीनपैकी कोणता अहवाल छापावा हे लिपिक फाइलीच्या आकारावरून ठरवतो.